पेडलवर न ठेवलेला पाय

ती घटना आठवली की आजही मी विषय बदलतो. पोलीस खात्यातले इतर तपास मी चारचौघांत रंगवून सांगतो, हा तपास मात्र घरातही कधी पूर्ण सांगितला नाही. आता निवृत्त झालो आहे, तेव्हा लिहून टाकतो. नाव कोणाचंच घेणार नाही. माझी चूक मात्र झाकणार नाही.

आमच्या जिल्ह्याला तेव्हा नगरच म्हणत. मी पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघालेली एक जीप उतारावर थांबलीच नाही आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत घुसली. टपरीवाल्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. जीप मालक स्वतःच चालवत होता. "ब्रेक लागलाच न्हाई साहेब," एवढंच तो सांगत राहिला. गुन्हा नोंदवला, पंचनामा केला आणि जीप ओढून ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी केली.

दुपारी निनावी फोन आला. "काल गाडी मेकॅनिककडं हुती. मालकाचं आन त्याचं वाकडं हाय. त्यानंच ब्रेकचा नट ढिला करून ठिवला."

मी लगेच जीपखाली वाकलो. ब्रेकच्या ऑईलमध्ये शिरलेली हवा काढायला चाकाच्या आतल्या बाजूला एक छोटा नट असतो. मागच्या चाकाच्या त्या नटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. झालं, मला गुन्हेगार सापडला. खरं तर माझा तपास तिथंच संपला आणि पुढची सगळी नुसती घाई होती.

मेकॅनिक पस्तिशीचा, हडकुळा माणूस. गावात त्याचं छोटं गॅरेज होतं आणि ब्रेकच्या कामासाठी आसपासच्या गावांतून गाड्या त्याच्याकडे येत. त्याला आणताना मी मुद्दाम गाडी भर पेठेतून घ्यायला लावली. चार लोकांनी पाहिलं की संशयित लवकर नरम येतो, असा माझा अनुभव होता. त्या अनुभवाची आता लाज वाटते.

"नटाला पाना तू लावलास?"

"व्हय साहेब, मीच लावला."

"म्हणजे कबूल आहे तुला."

"कबूल काय त्यात? कामच हाय ते. पेडल मऊ लागत हुतं, म्हून हवा काढली. तरी बी खाली जायाचं थांबंना. म्हंजी मास्टर सिलेंडर आतून गेलाय. मी मालकाला म्हनलं, गाडी हितंच ठिवा. त्ये म्हनले, उद्या बाजार हाय, बाजार झाल्यावर बघू."

मालकानं साफ कानावर हात ठेवले. तो गावातला वजनदार माणूस, माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. मेकॅनिक ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांनी उभा होता. कोणाचं खरं मानायचं हे मी त्या खुर्चीवरूनच ठरवलं.

मेकॅनिक हात जोडून म्हणाला, "साहेब, जीप भायेरच हाय. पेडलवर पाय ठिवून तसाच धरा. एक मिन्ट. आपोआप खाली जातंय का न्हाई, तुमीच बघा."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. "पोलिसाला तपास शिकवतोस?"

बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. तिनं तो आवाज ऐकला. दोन दिवस मी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. कागदावर तो अटक नव्हता, चौकशीकामी हजर होता. अशी वाक्यं लिहिण्यात मी तरबेज होतो.

तिसऱ्या दिवशी जीप तपासायला मोटार वाहन निरीक्षक आले. ब्रेकच्या डबीतलं ऑईल भरलेलं होतं. चारही चाकं, पाईप, जोड सगळं कोरडं होतं. मग त्यांनी त्या नटाला पाना लावून पाहिला.

"नट तर घट्ट आहे," ते म्हणाले. "तुम्ही बघितला नव्हता?"

खुणा पाहिल्या होत्या. नट ढिला आहे की घट्ट, हे पाहायचं मला सुचलं नव्हतं.

ते सीटवर बसले, पेडल दाबलं आणि पाय तसाच ठेवला. पेडल हळूहळू खाली गेलं. ऑईल बाहेर कुठंच गळत नाही आणि तरी पेडल बुडतं, म्हणजे दाब आतल्या आत निसटतोय, असं त्यांनी मला समजावलं. पेडलचा दाब ऑईलवर देणारा मास्टर सिलेंडर खोलला तर आतलं रबर झिजून फाटलं होतं. हा दोष जुना होता, कोणी एका रात्रीत केलेला नव्हता. मेकॅनिकनं शब्दन् शब्द खरा सांगितला होता.

मालक मग बोलता झाला. "त्यो नको म्हनला हुता साहेब. पन बाजार बुडाला आस्ता." दोष मेकॅनिकवर ढकलायला फोन त्याच्या मेहुण्यानं केला होता. मालकावर दोषारोपपत्र दाखल झालं.

मेकॅनिकला आणलं पेठेतून, सोडलं मागच्या दारानं. वर्तमानपत्रात तो ताब्यात असल्याचं छापून आलं होतं. तो निर्दोष आहे हे मी कोणालाच कळवलं नाही. कळवलं असतं तर माझीच शोभा झाली असती. पुढं माझी बदली झाली.

गेल्या वर्षी तिसगावात माझ्याच कारचं पेडल मऊ लागायला लागलं. पहिलं दिसलं त्या गॅरेजसमोर थांबलो, तर समोर तोच. केस पिकलेले. त्यानं मला ओळखलं.

"ब्रेकचं काम मी करत न्हाई, साहेब."

"का?"

"लोकं आनत न्हाईत. गाव सोडून हितं आलो, तर बोलनं बी मागं आलं. मंग मीच बंद केलं."

मी गाडीतून उतरलो. "चूक माझी होती. तुमची माफी मागतो. काम तुम्हीच करा, मी इथं रस्त्यावर बसतो. लोकांना दिसू दे."

"तवा दिसाया पायजे हुतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. हात पुसत त्यानं कारकडे बोट केलं. "पाय ठिवून धरा. खाली गेलं तर गाडी चालवू नका. पलीकडच्या गॅरेजवाल्याला हितं बोलवा."

एवढं बोलून तो आत गेला.

लोकांकडून खरं वदवून घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. समोरचा माणूस खरं बोलतोय, हे ऐकायला मात्र मी कधी शिकलो नाही. मी सीटवर बसलो, इंजिन चालू केलं, पेडल दाबून पाय तसाच ठेवला आणि घड्याळाकडे पाहत राहिलो. पेडल तळाला टेकलं. मिनिटसुद्धा लागलं नाही.