मिस्तरीबांच्या धामणीच्या काठ्या

मिस्तरीबा माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी मनगट. छपरात कोणी शिरलं की त्यांच्या हातातली लाकूड तासायची वाकस थांबे, नजर आलेल्याच्या बाहीपाशी जाई आणि या माणसाशी किती बोलायचं ते तिथेच ठरे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाले, "लेखनीचा हात हाय. बस तिकडे, भुशात पाय नोको टाकू."

अमरावतीच्या कॅम्पाच्या कडेला त्यांचं छप्पर होतं. कापसाचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, त्यामुळे विलायतेतल्या गिरण्यांना आमच्याकडचा कापूस हवा होता. शेतकऱ्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. खरेदीसाठी आलेले गोरे लोक संध्याकाळी माळावर गोल्फ खेळत. लांब काठीने लहानसा चेंडू मारत न्यायचा आणि दूरच्या खळग्यात घालायचा, एवढाच तो खेळ. काठ्या विलायतेहून येत, फार महाग पडत, आणि आमच्या उन्हात त्यांचे सांधे सुटत. त्या दुरुस्तीला मिस्तरीबांकडे येऊ लागल्या. मूळचे ते गाड्या आणि कावडी करणारे. काठ्या जोडता जोडता ते नव्या काठ्याही करू लागले. दांडा सेमाडोहच्या जंगलातून आणलेल्या धामणीच्या लवचिक लाकडाचा, डोकं बाभळीचं, आणि लोखंडाचं काम शेजारच्या लोहाराचं. विलायती काठी ज्याला परवडत नसे तो त्यांच्याकडे येई.

मी तिथे जायचं कारण म्हणजे माझं इंग्रजी. मी मडमेच्या शाळेत शिकत होते. माझे वडील कापूस खरेदीच्या कचेरीत कारकून होते. हंगामात त्यांना कापसाच्या गाड्यांपासून हलता येत नसे, म्हणून दुभाषी म्हणून माझी रवानगी होई. मी चौदा वर्षांची होते. अनोळखी माणसासमोर माझा आवाज घशातच राही.

नवशिक्याला काठी देण्याची मिस्तरीबांची एक रीत होती. एक तरुण साहेब आला आणि त्याने एकदम बारा काठ्या मागितल्या. मिस्तरीबा मला म्हणाले, "त्याले इचार, बारा काठ्यांचं काय लोनचं घालतं? पहिले तीन घे म्हना. एक लांब मारायले, एक लोखंडाची, मातीतून चेंडू उचलायले, अन् एक आखूड, खड्ड्यात ढकलायले. बाकीच्या पैशाचं तूप खा म्हना, हाडं दिसून राहिले." मग त्यांनी त्याला पाण्याची कावड खांद्यावर घेऊन विहिरीपासून छपरापर्यंत चालायला लावलं. साहेब हसत हसत चालला आणि अर्धं पाणी सांडलं. "झटक्यानं चालते," मिस्तरीबा म्हणाले. "याले लवनारी दांडी पायजे. ताठ दांडी झटका त्याच्याच हातात वापस घालते." साहेबाने तीनच काठ्या नेल्या आणि पुढे आणखी दोघांना घेऊन आला.

नवशिक्यांचं त्यांना सोपं वाटे. धास्ती वाटे ती पूर्वी खेळून सोडलेल्यांची. "नव्याले काई येत नाई, अन् ते त्याले मालूम असते. हा वापस आलेला मानूस मात्र वीस वर्सांपहिलेच्या हाताले काठी मागते. तो हात आता कुठून आनावा?"

अशांतलेच एक, मोठे साहेब, आले. वडील ज्या कचेरीत होते तिचे ते मुख्य. तरुणपणी आपल्या देशात समुद्रकाठी खेळलेले, मग वीस वर्षं खेळ सुटलेला. त्यांना हिंदुस्थानी येई ती भावापुरती आणि हुकमापुरती. कावड उचलायला त्यांनी हातानेच नकार दिला. आत लावलेल्या काठ्यांतली सर्वांत लांब आणि सर्वांत ताठ काठी त्यांनी ओढली. ती मिस्तरीबांनी एका धिप्पाड फौजी माणसासाठी केली होती.

मिस्तरीबांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सांग साहेबाले, हे काठी तुमच्या जवानीची हाय, आजच्या हाताची नाई. हे कापसाची कायी माती हाय, समुद्राकाठची रेती नोहे. वाळली का दगडावानी होते. ताठ काठी जमिनीले लागली तर मनगट जाईन. पहिले सहा महिने लवनारी घ्या."

माझ्या डोळ्यांसमोर वडील आले. त्यांच्या साहेबांना, तुमची जवानी गेली, असं मी कसं सांगणार होते? मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, ही काठी चांगली आहे. एक मऊ काठीही आहे."

"हीच," साहेब म्हणाले.

मिस्तरीबा माझ्याकडे पाहत होते. "समदं सांगतलं ना, माय?"

मी मान हलवली.

चौथ्या दिवशी काठी जमिनीवर आपटली आणि साहेबांचं उजवं मनगट गेलं. कापसाचा धागा ते त्याच हाताच्या बोटांनी ओढून पाहत, किती लांब, किती चिवट. त्यावर भाव ठरे. ऐन हंगामात तो हात फळीला बांधलेला. त्यांनी हुकूम सोडला, सुताराने सडकं लाकूड विकलं, उद्या संध्याकाळपर्यंत त्याचं छप्पर कॅम्पातून निघालं पाहिजे.

मिस्तरीबांना बंगल्याच्या ओसरीवर बोलावलं. दुभाषी मीच. वडील कागद घेऊन दाराशी उभे होते. साहेबांनी विचारलं, "सडकी काठी का दिलीस?"

मी सांगितलं. मिस्तरीबा म्हणाले, "सडकी असन तर माह्या डोक्यावर मोडून पाहा म्हना."

काठी तिथेच टेबलावर होती, धड, कुठेही तडा नसलेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "मग मला सावध का केलं नाहीस?"

हे मी मराठीत सांगितलं. मिस्तरीबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या वडिलांकडे. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. ते हळूच म्हणाले, "सांग त्याले, मिस्तरी इसरला."

ते दोन शब्द इंग्रजीत सांगितले असते तर आम्ही घरी गेलो असतो आणि छप्पर उद्या निघालं असतं.

मी म्हटलं, "ते म्हणतात विसरलो, पण ते खोटं आहे. त्यांनी सावध केलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"काय म्हणाला होता तो? नेमकं सांग."

मी नेमकं सांगितलं. जवानी, आजचा हात, काळी माती, सहा महिने. एकही शब्द गाळला नाही. साहेबांचं तोंड लाल झालं, मग हळूहळू उतरलं. शेवटी ते डाव्या हाताने काठी उचलून आत गेले आणि जाताना म्हणाले, "छप्पर राहू दे."

आठवड्याने वडिलांची बदली अकोल्याच्या कचेरीत झाली. ती शिक्षा होती का, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

निघण्याआधी मी मिस्तरीबांना भेटायला गेले. ते आता दोन चांगले शब्द बोलतील असं मला वाटत होतं. ते दांडा तासत राहिले.

"माह्या छपराचं काय घिऊन बसली," ते म्हणाले. "हे दोन दिवसात कुठंबी उभं राहते. त्याच दिवशी बोलली असती तं त्या मानसाचा हात वाचला असता. त्याच्या दोन बोटाले आता धागा समजत नाई म्हंते. लय वाईट झालं, माय."

मग म्हणाले, "जाय आता, गाडी खोळंबली असन. अन् पान्याचं भांडं संगं ठेव."

पुढे ते बाळापूरला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले, असं कळलं. मी आता अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर साहेब आणि दुखणं घेऊन आलेल्या बाया यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसते. आवाज अजून घशात अडकतो. कधी साहेबांचं बोलणं कडू असतं, कधी एखाद्या बाईचं त्याहून कडू. साहेब घाईत असले की म्हणतात, "थोडक्यात सांग."

मी थोडक्यात सांगत नाही.