विहिरीत शिकलेलं पोहणं

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास, माझ्या थोरल्या भावाने खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या मोटरयॉटवरून समुद्रात सूर मारला. यॉटवर आम्ही सहा जण होतो: दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, मी, बोट चालवणारा तांडेल आणि त्याचा खलाशी.

सहल पुतण्याने ठरवली होती. तो मुंबईत नोकरी करतो. वडिलांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्याने दोन दिवसांसाठी यॉट भाड्याने घेतली. मुंबईहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात जायचं, एक मुक्काम बंदरात आणि परत. मी नगरहून गेलो, दादा-वहिनी श्रीगोंद्याजवळच्या वस्तीवरून आले. उसाला तोड आली होती, त्यामुळे दादा रेंज असेपर्यंत दर तासाला शेतावर फोन करत होता. वहिनींनी भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. बोटीवर मासेच देणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

चढताना तांडेलाने सगळ्यांना लाइफ जॅकेट बांधायला लावलं. तासाभरात दादाने ते काढलं.

"हे घालून बसायला मी बुजगावणं हाय व्हय?"

"अण्णा, असू द्या की. नियम आहे," पुतण्या म्हणाला.

"तुला पव्हायला कुनी शिकवलं?"

आमच्या वस्तीवर दोन पिढ्यांना पोहायला दादानेच शिकवलं आहे. शिकणाऱ्याच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्याला विहिरीत सोडायचं. काही दिवसांनी डबा काढायचा. त्यानंतर ज्याने घाबरून दोर धरला किंवा डबा मागितला, त्याला सगळे 'डब्या' म्हणत. त्यांतल्या एकाला आता नातवंडं आहेत, तरी त्याचं नाव तेच आहे. त्या विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. कुठूनही चार हात मारले की पायऱ्या लागतात.

जेवण झालं. ऊन तापलं होतं. दादाने शर्ट काढला.

"अहो, जेवून लगीच पान्यात?" वहिनी म्हणाल्या.

"नुसतं अंग भिजवून येतो."

तांडेल मागच्या बाजूला भांडी धूत होता. तो उठला. "काका, आत्ता नको. ओहोटी लागलीये. खाडीचं पाणी जोरात बाहेर जातंय."

"जाऊ द्या. आपल्याला कुठं त्याच्याबरोबर जायचंय?" दादा म्हणाला आणि त्याने उडी घेतली.

तो वर आला तेव्हा यॉटपासून वीसेक फुटांवर होता. हसत होता. तांडेलाने दोर बांधलेली रिंग फेकली. ती दादाच्या हाताजवळ पडली. मी ओरडून म्हणालो, "दादा, डबा टाकलाय बघ."

"तुझ्याच पाठीला बांध," तो म्हणाला आणि तळव्याने रिंग बाजूला ढकलली.

पोलिसांना दिलेल्या माझ्या जबाबात ही दोन वाक्यं नाहीत.

तांडेलाने रिंग ओढून घेतली आणि पुन्हा फेकली. या वेळी दोर संपला, रिंग अलीकडेच पडली. दादाने ती धरायला हात लांब केला होता, हे मी पाहिलं. त्यानंतर तो हसला नाही. तांडेल डावीकडच्या वाळूच्या दांड्याकडे बोट दाखवून ओरडत होता, "बोटीकडे नको, काका. आडवे जा. तिकडे जा, तिथं ओढ नाही." दादा यॉटकडेच पोहत राहिला. हात बरोबर पडत होते. अंतर वाढत होतं.

पुतण्या उडी मारायला निघाला, खलाशाने त्याला कमरेला धरून खाली बसवलं. मग तांडेलाने इंजिन सुरू केलं, खलाशी नांगर ओढायला गेला. नांगर तळाला अडकला होता. तो सुटायला आठ-दहा मिनिटं लागली. तोपर्यंत डोकं दिसेनासं झालं होतं. वहिनी टॉवेल घेऊन कठड्याशी उभ्या होत्या.

"दमले की उताणे व्हत्याल ते," त्या मला म्हणाल्या. "येतंय त्यांना. तुमाला ठावं हाय की."

मी हो म्हणालो.

अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं. पोलिसांची बोट संध्याकाळी आली. मंगळवारी सकाळी दक्षिणेकडच्या एका गावाच्या किनाऱ्यावर मृतदेह मिळाला. ओळख मी पटवली. शवविच्छेदनानंतर त्याच रात्री वस्तीवर अंत्यसंस्कार झाले. ऊसतोड दोन दिवस थांबवली होती, ती गुरुवारी पुन्हा सुरू झाली.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. दोन मच्छीमारांचा जबाब नोंदवला होता. शनिवारी सव्वातीनच्या सुमारास त्यांनी लांबून एक माणूस पोहताना पाहिला. जाळं सोडून ते तिकडे वळले, पण पोचण्याआधी तो दिसेनासा झाला. तोवर तो यॉटच्या दिशेने पोहत होता, असं दोघांनीही सांगितलं आहे.