फेमस व्हायच्या आधीचा माल

तीन डोकी आणि एक खूळ एकत्र आलं की किस्से धुळीसारखे साचतात, कितीही पुसा! आम्ही जबलपुरात बसून मोठमोठ्या रॉकवाल्यांच्या पहिल्या, बुडालेल्या बँडच्या रेकॉर्डी जमवतो. जुन्या सापडत नाहीत, म्हणून नव्याने छापलेल्या मागवतो. मी, रिछाईत छोटा कारखाना चालवणारे दुबेजी, आणि खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेले रामटेके काका.

माझ्या बायकोने एकदा विचारलं, "एवढा फेमस माणूस, तर त्याचं फेमस गाणं काहून नाही घेत?"

दुबेजी गंभीरपणे म्हणाले, "भाभी, फेमस होने के बाद बिगड़ गया वो!"

* * *

दुबेजींचे नियम कडक. हात धुवा, सुती हातमोजे घाला, कव्हरवरचं स्टिकरसुद्धा काढायचं नाही. मे महिन्यात मी नागपूरहून बसने एक रेकॉर्ड आणली. जबलपूरजवळचा तिलवाऱ्याचा पूल येईस्तोवर ती पापडासारखी वाकली! सरळ व्हावी म्हणून काकांच्या घरी पिठाच्या डब्याखाली ठेवली.

सकाळी काकी ओरडल्या, "आज पोळ्या विसरा! डब्याखाली तुमचा बँड झोपून राहिला!"

* * *

एका गायकाच्या कोवळ्या आवाजावर आम्ही महिनाभर फिदा होतो. "सोळा वर्षांचाच असेल," दुबेजींचे डोळे भरून यायचे. एक दिवस रेकॉर्ड प्लेअर पुसता पुसता काकींचा हात स्पीडच्या बटणाला लागला, आणि पोरगा एकदम भरदार दाढीवाला झाला! महिनाभर आम्ही भलत्याच स्पीडवर ऐकून राहिलो होतो.

* * *

आता काकांचं. त्यांचं एकच म्हणणं, "तरुणपणी फॅक्टरीच्या क्वार्टर्समधल्या बँडमध्ये मी ड्रम वाजवायचो. आमचा गिटारवाला पुढे खूप मोठा झाला. आमची एक रेकॉर्डपण निघाली होती."

"हां काका, और मैं चाँद पे तबला बजाता था!" दुबेजी दर वेळी म्हणायचे. काका हसायचे, पण त्यांना ते लागायचं. पुरावा काहीच नव्हता. रेकॉर्ड त्यांच्याकडेही नव्हती, आणि बँडमधलं बाकी कोणी उरलं नव्हतं. काकींचं माहेर तेव्हा समोरच्याच क्वार्टरमध्ये, पण घरच्या माणसाची साक्ष दुबेजी मानत नव्हते.

* * *

यंदा ती रेकॉर्ड खरंच नव्याने निघाली! रविवारी पार्सल काकांच्या घरी उघडलं. काकांनी चष्मा पुसून मागचं कव्हर वाचलं. बाकी सगळ्यांची नावं होती. शेवटी छापलं होतं, 'ड्रम्स : अज्ञात'.

काकांनी कव्हर हळूच खाली ठेवलं. मला फार वाईट वाटलं. दुबेजींनी, पहिल्यांदाच, टोमणा मारला नाही. "चलो, सुनते हैं," म्हणून त्यांनी सुई ठेवली.

गाणं चालू झालं. आतून कढईचा आवाज येत होता. दोन कडवी झाली, तशा काकी झारा घेऊन दारात आल्या.

"आता तिसऱ्यात हे अडखळतील," त्या म्हणाल्या. "रोज तिथेच अडखळायचे."

तिसरं कडवं आलं. ड्रम अडखळला!

दुबेजींनी सुई उचलली, परत मागे ठेवली. परत तिथेच अडखळला. काका लाजून खाली बघत होते.

दुबेजींनी हातमोजे काढले. खिशातला पेन काढून 'अज्ञात'वर आडवी रेघ मारली आणि कव्हर काकांपुढे धरलं.

"काकाजी, यहाँ साइन कर दीजिए."