साडेतीन इंचांचं पातं आणि माझं पत्रक

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. शिक्षक असलेल्या वडिलांच्या झोळीत दर जयंतीला, दर संपाला पत्रकांचा गठ्ठा असायचा. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. छापलेला कागद माणसाला वाचवतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

मामा हसनाबादकडे एका रोपवाटिकेत मोसंबीची कलमं बांधतो. वाकून खुंटाची साल चिरायची, आत मोसंबीचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, बसवायचा, वर पट्टी गुंडाळायची. साल चिरडली तर डोळा मरतो, म्हणून सगळी मदार पात्यावर. त्याच्यासाठी मी परदेशातून घडीचा चाकू मागवला. पार्सल कस्टममध्ये अडकलं. कळ दाबून उघडतो का, पातं केवढं, कशासाठी हवा, असं त्यांनी विचारलं. हातानं उघडतो, पातं साडेतीन इंच, कलमांसाठी हवा, असं मी रोपवाटिकेचा दाखला जोडून कळवलं. चाकू सुटला, आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

मग मी शस्त्र कायदा वाचला. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची त्यात गणती होते. घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळलेली आहेत. नवीन जालन्यात पत्रक छापून घेतलं: 'तुमचा चाकू हे तुमचं अवजार आहे. कुणालाही घाबरू नका.' कलमं बांधणाऱ्या सगळ्यांना वाटलं.

हिवाळ्यात, ऐन कलमांच्या दिवसांत, मामा जालना स्टेशनबाहेर ऑटोची वाट बघत होता. पोलिसांनी घेतलेल्या झडतीत त्याच्या खिशातून चाकू निघाला. त्यानं पत्रक पुढं केलं आणि जन्मात पहिल्यांदा पोलिसाशी वाद घातला.

मी ठाण्यात पोचले तेव्हा हवालदार तेच वाचत बसले होते.

"हे तुम्ही लिव्हलं का, ताई?"

"हो. काय चूक आहे त्यात?"

"चूक न्हाई. अर्धं हाय." त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. सणासाठी जिल्ह्यात मनाई आदेश लागू होता; तेवढे दिवस सार्वजनिक जागी चाकू बाळगायला बंदी. पात्याची लांबी तिथं कुणी विचारत नव्हतं. "आन् हे मामा तर आम्हालाच कायदा शिकवून राह्यले."

मामा बाकावरून म्हणाला, "माझी भाची खोटं लिव्हत न्हाई, साहेब."

मी भिंतीवरचा कागद शेवटपर्यंत वाचून काढला.

गुन्हा नोंदवून मामाला सोडलं. चाकू मुद्देमालात जमा झाला. उरलेली कलमं त्यानं जुन्या बोथट चाकूनं बांधली. वाफ्यात काळे पडलेले डोळे मी स्वतः पाहिले. ज्याला पाळायचा आहे त्याच्यापर्यंत न पोचलेला आदेश ठाण्याच्या भिंतीवर लावायचा, याचा राग मला आजही आहे. पण तो कागद न शोधता 'घाबरू नका' छापणारी मीच होते.

"मंग आता बराबर लिही ना, माय," मामा म्हणाला.

नव्या पत्रकाची पहिली ओळ आहे: 'चाकू घेऊन निघण्याआधी मनाई आदेश आहे का, ते विचारा.' मामानं ते दोनदा वाचलं.

"आपला चाकू कधी भेटंल, ते लिव्हलं का ह्याच्यात?"

"नाही."

"का बरं?"

"मला माहीत नाही, मामा."

त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.