पुलावरची एक लांब शिट्टी

अंबरपेठच्या खाली मुसी नदीवरच्या बुटक्या पुलावर फौजीचं भूत आहे, असं सांगणाऱ्यांनी हे नीट वाचावं. त्या भुताला नाव आहे. नाईक मल्लेश. इंजिनिअर रेजिमेंटमधले माझे सेक्शन कमांडर, माझे उस्ताद. ते गेले तेव्हा दोराचं दुसरं टोक आमच्या हातात होतं.

आदल्या संध्याकाळी सिकंदराबादला, बराकीसमोर, त्यांनी आमच्याकडून शिट्टीचे इशारे घोकून घेतले. पुरात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून शिट्टी. एक लांब म्हणजे थांबा. तीन आखूड म्हणजे ओढा.

"उस्ताद, और सीटी पानी में गिरी तो?" मी विचारलं.

"तो तू गा रे. तेरा गाना सुनी तो मुसी उल्टी भागती."

सकाळी सात-दहाला पुलावर पोचलो. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. पुलावरून मांडीभर पाणी वाहत होतं. मधोमध एक ऑटो कठड्याला अडकलेला, त्याच्या टपाला धरून ड्रायव्हर सलीमभाई. सुभेदार साहेबांनी रेडिओवर कळवलं, "एक आदमी फँसा है. मल्लेश जा रहा है. ओव्हर."

सात-एकवीसला उस्ताद ऑटोपाशी. त्यांनी स्वतःचा दोर सोडला आणि सलीमभाईला बांधला. नियमात हे बसत नाही. दुसरा दोर आम्ही पाठवणारच होतो.

तेवढ्यात पलीकडून एक टेम्पो पाण्यात शिरला. मागे लग्नाच्या स्वयंपाकाला निघालेल्या बायका उभ्या. उस्तादांनी तिकडे तोंड करून लांब शिट्टी दिली. टेम्पो थांबला, पण मागे जाईना. पुन्हा दिली. पुन्हा.

आम्हालाही तीच ऐकू येत होती. एक लांब म्हणजे थांबा. आम्ही दोर ताणून थांबलो, तीन आखूड शिट्ट्यांची वाट बघत. टेम्पो रिव्हर्समध्ये बाहेर पडला आणि त्याच मिनिटाला झाडाचा बुंधा येऊन ऑटोवर आदळला.

"खींचो!" साहेब ओरडले.

दोराला सलीमभाई आला. नुसता सलीमभाई.

उस्ताद दुपारी दोनला खालच्या अंगाला सापडले. शिट्टी गळ्यात होती. त्या ओढण्यात माझा खांदा निखळला. पुढे मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवलं.

आता लोकांनी याचं काय केलं, ते ऐका. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात. पाणी चढलं की पुलावर शिट्टी वाजते, फौजी माणसं ओढून नेतो, म्हणून शिट्टी ऐकली तर थांबायचं नाही, गाडी पळवायची. पळवायची! ज्या शिट्टीने टेम्पोभर बायका जगल्या, तिचंच नाव सांगून माणसं पाण्यात घालता? लाज वाटत नाही?

गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं, तेव्हा मी पुलाच्या तोंडाशी उभा राहून एक लांब दिली. स्कूटरवरच्या एकाने वळून पाहिलं आणि गाडी आणखी पिळली. सलीमभाईने ऑटो आडवा घातला म्हणून तो पाण्याबाहेर राहिला.

"मरने का शौक है क्या मियाँ?"

"सीटी बजी ना चाचा! भूत है उधर!"

"भूत नक्को बोल. उस्ताद बोल. और रुक."

मी कोठीच्या बाजारात पत्रकं छापून घेतली. तेलुगू, उर्दू आणि मराठी. मराठीतलं आईने तपासलं, माझं शुद्धलेखन कच्चं. वर मोठ्या अक्षरात उस्तादांचं नाव, खाली एकच ओळ: एक लांब म्हणजे थांबा. सलीमभाई प्रत्येक सवारीच्या हातात एक देतो. न वाचता खिशात घालणाऱ्याला तो पुलापर्यंत स्वतः वाचून दाखवतो.

पाणी वाढलं की आम्ही पुलाच्या दोन टोकांना असतो. उस्तादांची शिट्टी त्यांच्या आईने मला नाही, सलीमभाईला दिली. बरोबर केलं.

परवा सकाळी आठ-पाचला पाणी रस्त्यावर आलं. सलीमभाईने एक लांब दिली. दोन बस, एक टँकर आणि मागची सगळी रांग जागच्या जागी थांबली.

नाईक मल्लेश यांचा हुकूम अजून चालतो.