शेवटची शाल
लेथ मशीनवर धातू कापताना सोडतात त्या तेलकट पाण्याचा, कुलंटचा, वास आला की मला विद्यापीठातला एक सत्कार आठवतो. आमच्या विद्यार्थ्यांनी बनवलेली गाडी स्पर्धेत देशात पहिली आली होती. तिचे सुटे भाग त्यांनी भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्या बाईंकडे, कारखान्यांच्या गुरुवारच्या आठवडी सुट्टीत, त्यांच्याच मशीनवर केले होते. "पोरांनी माझा गुरुवार खाल्ला, आता बक्षीसबी मलाच द्या," असं त्या हसून म्हणायच्या. सत्काराला त्या सुनेला घेऊन आल्या, पुढच्याच रांगेत बसल्या. ऐन वेळी प्रमुख पाहुण्यांबरोबर एक पुढारी न सांगता आले. शाल एकच उरली होती, बाईंसाठी ठेवलेली. कार्यक्रम माझ्याकडे होता; शाल घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला मी डोळ्यांनी खुणावलं आणि बाईंची शाल पुढाऱ्यांच्या खांद्यावर गेली. कार्यक्रम संपल्यावर बाई समोर आल्या, तसा मी शिपायावरच ओरडलो, "अरे, यांची शाल कुठं घालवलीस?" तो खाली मान घालून उभा राहिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला कशाला बोलता सर? तुमीच खुणावलं की. मी समोरच हुते." मी ऐकू न आल्यासारखं केलं. आता मी कुलगुरू आहे, भाषणात त्या गाडीचं कौतुक करतो. तो शिपाई माझ्याच केबिनबाहेर बसतो. चूक माझी होती, एवढं त्याला अजून सांगितलेलं नाही.