घाटाखालचा थांबा

उद्यमनगरात एका लेथच्या वर्कशॉपवर, लोखंडी जिना चढून गेलं की संयोगिताची खोली लागते. खाली दिवसभर लोखंड कातलं जातं आणि त्याची थरथर फरशीतून वर येऊन तिच्या तळपायांना लागते. खोलीत दोन टीव्ही आहेत आणि त्यांना जोडलेली गेम खेळायची दोन मशीनं. एक जुनं, काळं. त्याचा पंखा धाप लागल्यासारखा वाजतो. दुसरं त्याच कंपनीचं नवं, पांढरं. ते चालू आहे की बंद हे हात लावल्याशिवाय कळत नाही. गेलं वर्षभर संयोगिता काळ्यातला गेम पांढऱ्यात नेते आहे.

हे काम थकवणारं आहे, कारण त्यात नवं काही होत नाही. सगळं नीट झालं तर काहीच झालं नाही असं दिसणार. पाऊस पूर्वी पडत होता तसाच पडला पाहिजे, वळण होतं तिथंच आलं पाहिजे. एकदा केलेली गोष्ट परत, तशीच, दुसऱ्या हातानं करायची. संध्याकाळी ती खुर्चीतून उठते तेव्हा दिवसभरात काय केलं हे तिला कुणाला दाखवता येत नाही.

गेमचं नाव 'मुक्कामाची गाडी'. संध्याकाळी डेपोतून सुटून डोंगरातल्या शेवटच्या गावाला जाणारी आणि रात्री तिथंच राहणारी एसटी. खेळणाऱ्यानं ड्रायव्हरच्या जागी बसायचं आणि पावसातून, धुक्यातून, घाटातून ती पोचवायची. मारामारी नाही, गुण नाहीत. शेवटच्या गावाला नावही नाही. पाटीवर नुसतं 'मुक्काम' लिहिलेलं आहे.

तिचे वडील सयाजी चंदगड भागात अशी गाडी चालवायचे. एक रात्र घरी, एक रात्र बाहेर. लहानपणी ती विचारायची, "आबा, तिथं झोपता कुठं?" ते म्हणायचे, "गाडीत." त्याच्यापुढं काही नाही. पुण्यात दुसऱ्यांसाठी पत्त्यांचे गेम करून करून विटल्यावर ती परत आली आणि हा रस्ता बांधायला बसली. तयार झाल्यावर वडिलांना दाखवला. त्यांनी बसल्या जागेवरून पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आयुष्यभर चालीवली. आता टीव्हीवर परत चालवू? येड लागलंय व्हय?" आणि चप्पल घालून बाहेर गेले.

पैसा लोकांनी दिला होता. संयोगितानं इंटरनेटवर एक छोटा व्हिडिओ टाकला, गाडीचा आणि पावसाचा, आणि जिल्ह्यातून, पुण्याहून, परदेशात गेलेल्या मुलांकडून थोडी थोडी रक्कम येत गेली. कोल्हापुरात याला सरळ वर्गणी म्हणतात, आणि वर्गणी दिलेला माणूस मांडवात येऊन विचारणारच. खालच्या वर्कशॉपचा मालक विजयसिंह रोज सकाळी जिन्याखालून ओरडतो, "ताई, गाडी कुठं अडकलीया?"

"घाटात."

"अजून घाटातच? आवो, आमच्या पोरानं नवं मशीन घेऊन ठेवलंय. जुनं भंगारात दिलं. तुमची गाडी नव्या मशीनवर चालंना म्हणून घरात रोज शिव्या खातोय मी. एका मशीनवरचा जॉब दुसऱ्यावर लावायला एवढा वेळ?"

"तुमचा तो जुना लेथ तिरका वढतोय म्हणून हात तिरका धरायला लागतोय का न्हाय?"

"लागतोय की."

"आता तसाच तिरका हात नव्या मशीनवर धरा."

"माल वाकडा निघंल."

"तेच चाललंय वरती. हात सरळ करालोय."

अडकलं होतं ते घाटाच्या पायथ्याशी. जुनं मशीन हळू होतं. घाट मोठा, त्याचे दगड, झाडं, पाऊस सगळं आत घ्यायला त्याला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ पडदा काळा ठेवला तर खेळणारा उठून जातो. म्हणून संयोगितानं पायथ्याला एक थांबा केला. चहाची टपरी. गाडी तिथं उभी राहते, कंडक्टर खाली उतरतो, ड्रायव्हरच्या खिडकीशी येतो आणि बोलत राहतो. तो बोलतो आहे तोवर मशीन घाट जमवतं. घाट जमला की गाडी सुटते. खेळणाऱ्याला वाटतं, चहाला थांबलो होतो.

कंडक्टरचा आवाज सिद्धाप्पांचा. गडहिंग्लजकडचे, सयाजींच्या गाडीवरचे कंडक्टर, आता निवृत्त होऊन मुलाकडं शहरात राहतात. सयाजी जेवढं बोलले नाहीत तेवढं सगळं सिद्धाप्पा बोलले असणार. वर्गणी मागताना संयोगितानं व्हिडिओत त्यांनाच उभं केलं होतं, आणि लोकांनी पैसे दिले ते अर्धे गाडीसाठी आणि अर्धे त्या बोलण्यासाठी. तेव्हाच तिनं त्यांना शब्द दिला होता, "काका, गेम कुठल्याबी मशीनवर जाऊदे, तुमचं बोलणं ऱ्हाणार." त्यांनी तो शब्द भावकीत सगळ्यांना सांगून टाकला होता.

नवं मशीन मात्र थकत नव्हतं. गाडी थांब्यावर टेकायच्या आत घाट तयार असायचा. सिद्धाप्पा खिडकीशी येऊन तोंड उघडायचे आणि गाडी सुटायची.

हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. ते एका दुपारी आपणच आले, धोतराचा सोगा हातात धरून जिना चढत, आणि खुर्चीत टेकून म्हणाले, "दाव बगू अव्वा, मी नव्या मशीनवर कसा दिसालोय."

अव्वा म्हणजे आई. त्यांच्याकडं लाडानं लेकीबाळींनाही तसंच म्हणतात. संयोगितानं गाडी लावली. थांबा आला. पडद्यावरचा कंडक्टर खिडकीशी आला, म्हणाला, "ती बनाबाई कोंबडी घिऊन—" आणि गाडी घाटाला लागली.

सिद्धाप्पांनी तिच्याकडं पाहिलं. "पुढं?"

"पुढं घाट, काका."

"घाट व्हय? माझं तोंड कुणी दाबलं?"

"मशीन फास्ट हाय."

"फास्ट असूदे की. माणूस बोलतंय न्हवं? कोंबडीचं काय झालं ते न्हाय कळलं कुणाला." ते उठून उभे राहिले, जणू समोर भरलेली गाडी होती. "मी म्हटलं, बनाबाई, कोंबडीचं हाफ तिकीट पडंल. तर म्हणती, काढतो की, पर मग तिला शीट द्या. म्हटलं शीट न्हाय. तर म्हणती, तुमी उठा की! आनि उठलो की मी! मुक्कामापत्तोर दांडा धरून उभा आनि कोंबडी माझ्या शीटवर. तुझा बाप पुढं, आरशात बघून खाली मान घालून हसतोय. त्यो हसलेला मी तेवडाच एकदा बघितला."

खाली लेथ थांबला होता. विजयसिंहची माणसं ऐकत असावीत.

"हे सगळं गेलं?" सिद्धाप्पांनी विचारलं.

"न्हाय जाणार, काका. मी बघतो."

कोल्हापूरच्या बाईनं असं 'बघतो, करतो' म्हटलेलं ऐकून विश्वजित पहिल्यांदा फोनवर हसला होता. तो पुण्याचा; तिनं केलेला गेम तपासून नव्या मशीनवर बाजारात आणण्याचं काम त्याच्या कंपनीकडं होतं. आता तो हसत नव्हता. संयोगितानं सिद्धाप्पा गेल्यावर नव्या मशीनमध्ये खोटा थांबा घातला. घाट तयार असला तरी गाडी उभी, बोलणं संपेपर्यंत. चार दिवसांनी विश्वजितचा फोन आला.

"संयोगिता, ते टपरीचं काय आहे?"

"लोडिंग."

"नाहीये लोडिंग. माझ्या माणसांनी पाहिलं. मशीन मोकळं बसलंय आणि तू लोकांना थांबवतेस. कळतं ते. लोक नवीन मशीन कशासाठी घेतात? थांबायला?"

जुन्या मशीनवर ती खोटं बोलली नव्हती. तिथं खरंच कुणीतरी दमलेलं होतं आणि त्याला दम खायला वेळ पाहिजे होता; चहा ही त्या वेळेला घातलेली शाल होती. इथं शालीखाली काहीच नव्हतं. प्रवासी नसताना गाडी धरून ठेवल्यासारखं ते होतं, आणि तिच्या वडिलांना त्या गोष्टीची सगळ्यात जास्त चीड होती.

"काढून टाक," विश्वजित म्हणाला. "नाहीतर निदान स्किपचं बटण दे. त्याशिवाय मी पुढं मशीनवाल्यांकडं पाठवू शकत नाही. या महिन्यात गेलं नाही तर पुढचं मला सांगता येत नाही."

दोन दिवस तिनं काही केलं नाही. खुर्चीत बसून राहिली. काढलं तर म्हाताऱ्याला दिलेला शब्द जातो. ठेवलं तर गेम पुण्यातच अडकतो आणि वर्गणी दिलेल्या सगळ्यांना दिलेला जातो. आणि या दोन्हीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी ती कुणाशी बोलली नसती: तिला आता हा गेम नको होता. पाऊस नको होता, घाट नको होता. कुणीही काहीही ठरवावं आणि तिला उठू द्यावं. तिसऱ्या दिवशी तिनं बटण केलं. त्यावर अजून काही लिहिलं नव्हतं. नुसता एक चौकोन. मग सिद्धाप्पांना फोन लावला. त्यांच्या समोर दाखवायचं, पाठीमागं नाही, एवढंच तिनं स्वतःशी ठरवलं होतं.

ते सकाळी आले. तिनं खेळायचा रिमोट त्यांच्या हातात दिला. "काका, तुमचं बोलणं हाय सगळं. पण हे एक बटण केलंय. ज्याला ऐकायचं न्हाय त्यानं हे दाबायचं."

"दाबलं की?"

"गाडी सुटती."

"म्हणजे माझ्या तोंडावर."

सिद्धाप्पांनी गाडी चालवायला घेतली. कंडक्टरचा हात, स्टिअरिंग त्यांना कधी जमलं नव्हतं. दोनदा झाडाला लावली, एकदा ओढ्यात. पावसात थांबा आला. पडद्यावरचे सिद्धाप्पा उतरले, खिडकीशी आले. "ती बनाबाई कोंबडी घिऊन आली न्हवं का, आनि मी म्हटलं—"

खुर्चीतल्या सिद्धाप्पांनी मान तिरकी करून ऐकलं. मग अंगठा उचलला आणि बटण दाबलं. गाडी सुटली.

संयोगिता बघतच राहिली. "काका, तुमचंच बोलणं हाय ते."

"म्हणून की. मला म्हाईत हाय पुढं काय म्हणतोय मी."

"पण परवा तर भांडलासा."

"परवा मला कुणीतरी गप्प केलतं. आज मी मलाच केलं." ते हसले, पण हसणं लवकर संपलं. "खरं सांगू? घरात पोरगं, सून कुणी म्हणत न्हाय गप बसा. उठून जात्यात नुसती. मी आपला बोलालोय, आनि बघतोय तर खोली मोकळी. त्यापक्षा हे बरं. मानसानं सरळ सांगावं, साकु."

साकु म्हणजे पुरे. त्या भागात वाढणारा आग्रह करायला लागला की पानावर आडवा हात धरून म्हणतात तो शब्द. त्यात राग नसतो. जेवण चांगलं होतं, पोट भरलं, एवढंच त्यात असतं.

ते गेल्यावर तिनं बटणावर तो शब्द घातला. काम पुरं करून पुण्याला पाठवलं आणि घरी जाऊन दिवसाढवळ्या झोपली.

विश्वजितचा फोन दोन आठवड्यांनी आला. "जवळजवळ सगळं पास आहे. एकच. ते 'साकु' म्हणजे स्किप ना? बरं. पण ते दाबलं नाही तर गाडी सुटतच नाही. बोलणं संपतं आणि गाडी तिथंच उभी. राहिलंय का तुझ्याकडून?"

"थांब. बघून सांगतो."

तिला खरंच माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत तिनं ते बोलणं कधी शेवटपर्यंत जाऊ दिलं नव्हतं. तपासायचं तेवढं तपासून प्रत्येक वेळी पुढं गेली होती. तिनं पांढरं मशीन लावलं. गाडी थांब्यावर आणली आणि हात मांडीवर ठेवले. सिद्धाप्पा बोलले. कोंबडी शीटवर बसली, आरशातला ड्रायव्हर हसला, बोलणं संपलं. मग टपरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. इंजिन बारीक घरघरत होतं. कंडक्टर खिडकीशी उभा होता, त्याला सांगायचं आता काही उरलं नव्हतं, आणि त्याला जायचीही घाई नव्हती. बटण घालताना गाडी आपणहून सोडायची ओळ परत लिहायची ती विसरली होती. एका ओळीचं काम. बसल्या जागी झालं असतं.

ती पावसाकडं बघत बसली. खूप दिवसांत तिच्याकडून कुणी काही मागत नव्हतं असा हा पहिला वेळ होता.

मग तिनं फोन उचलला. "विश्वजित, चूक न्हाय ती. तशीच ऱ्हाऊदे."

"अगं, लोक अडकून पडतील."

"कशाला पडतील? कंटाळा आला की दाबतील."

"आणि नाही आला कंटाळा तर?"

"मग बसूदेत की."